नोलचा वाडा

मुलांनो, इंग्लंडमधील केंट परगण्यात नोल नावाचा प्रचंड वाडा आहे. आर्चबिशप बोर्शिए यांनी १४५६ साली ती जागा विकत घेतली व बांधकाम सुरू केले. पुढे आठव्या हेन्री राजाने वाडा बळकावला. सतराव्या शतकाच्या आरंभापासून तेथे सॅकव्हिल हे उमराव घराणे नांदले. वाड्यात ३६५ खोल्या आहेत, असे लोक सांगतात.

१८९२ साली येथे व्हिटा जन्मली. ती आईवडिलांची एकुलती एक मुलगी. वाड्याचा कानाकोपरा तिला पाठ होता. १९२२ साली तिने त्याचा इतिहासही लिहिला. १९२८ साली वडील वारले आणि वाडा काकांकडे गेला. कारण एकच, ती मुलगी होती!

अब्बांच्या पश्चात आमच्या दोन खोल्यांच्या घरात आपाचाही वाटा होता. ‘ती सासरी सुखी आहे, तिला कशाला?’ असे मी मनाशी म्हणत असे. व्हिटाची हकिकत वाचली आणि मला माझीच लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मी कागद घेऊन आपाकडे गेलो. कागद बाजूला ठेवून तिने विचारले, “अंगणातला पेरू अजून फळतो का रे?”

मुलांनो, घरावरची माया मुलगा-मुलगी पाहत नाही. मग वाटणीने ते का पाहावे?