उलट्या गिअरचा भरवसा

बोटीला ब्रेक नसतो. ऐकायला गंमत वाटते, पण धक्का समोरून वाढत चालला की गंमत ओसरते. थांबायचं तर पंखा उलटा फिरवायचा, याखेरीज दुसरा इलाज नाही. पुढच्या गिअरमधून न्यूट्रल, न्यूट्रलमधून रिव्हर्स. मागचं पाणी ढवळून निघतं आणि बोट नाइलाजाने ऐकते. जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीत हे ऐकणं-न ऐकणं करंगळीहून बारीक अशा एका केबलच्या मर्जीवर असतं.

मी राहतो ते फाँड डू लॅक हे गाव विस्कॉन्सिनमधल्या विनेबेगो तळ्याच्या दक्षिण टोकाला आहे. तळं म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. लांबी तीस मैल, रुंदी दहा, खोली मात्र जास्तीत जास्त 21 फूट. एवढ्या पसरट, उथळ पाण्यावर वारा उठला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, बोटीला स्वस्थ बसू देत नाहीत. जुलैतल्या शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर उभं राहिलं की कुठल्या बोटीची केबल म्हातारी झाली आहे ते लांबूनच ओळखू येतं. बोट संथपणे आत येते, चालवणारा लिव्हर मागे घेतो, इंजिन एक गचका खातं आणि गप्प होतं. मग किल्लीची घाईघाईची कुरकुर. पुढे दोर घेऊन उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा. इंजिन बंद म्हणजे रिव्हर्स नाही, आणि पंख्याचा रेटा नाही म्हणजे सुकाणूही नाही. काठावरची माणसं अशा वेळी न सांगता पुढे होतात आणि पायाने बोट अडवतात. पाय घालू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

स्टर्नड्राइव्हच्या या रचनेचं मूळ 1959 सालात आहे. बोटीचं इंजिन एक तर पूर्ण आत असायचं, नाही तर पूर्ण बाहेर, मागच्या फळीवर टांगलेलं. जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने मधला मार्ग काढला: इंजिन आत, गिअर आणि पंखा बाहेर. व्होल्वो पेंटाने तो ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात मांडला. पुढच्या दोन-तीन वर्षांत मर्क्युरीचा मर्क्रूझर आला. मर्क्युरी ही आमच्याच गावची कंपनी, पण तिचा जन्म 1939 साली जवळच्या सीडरबर्गमधला. तिचा संस्थापक कार्ल कीकहेफर याला खरं तर दुग्धव्यवसायासाठी चुंबकीय यंत्रं बनवायची होती. विकत घेतलेल्या कारखान्यात त्याला नाकारलेली शे-तीनशे आउटबोर्ड इंजिनं पडलेली सापडली, ती दुरुस्त करून त्याने विकली आणि धंदा तिकडेच वळला. दुरुस्तीतून उभं राहिलेलं घराणं म्हणून मला त्याचं कौतुक आहे.

तर, इंजिन आत आणि गिअर बाहेर. म्हणजे फळीला भोक आलं. त्या भोकातून फिरता दांडा जातो, धूर जातो, आणि जाते आपली केबल. प्रत्येकाभोवती घड्या-घड्यांचा रबरी बेलोज, पाणी बाहेर राहावं म्हणून. केबल अशी अर्धी घरात आणि अर्धी पाण्याच्या शेजारी राहते. शिवाय बोट वळली की ती वळते आणि ड्राइव्ह, म्हणजे गिअर-पंख्याचा तो बाहेरचा भाग, उचलला की तीही वाकते.

पुण्यात ज्यांनी जुनी चेतक स्कूटर चालवली त्यांना पुढचं पटकन कळेल. डाव्या मुठीत गिअर, पण आधी क्लच दाबायचा. क्लच इंजिनाची ताकद बाजूला सारतो, मग मूठ फिरते. मर्क्रूझरच्या अल्फा ड्राइव्हमध्ये असा क्लच नाही. खालच्या गिअरपेटीत पुढचं आणि मागचं अशी दोन चाकं सतत उलटसुलट फिरत असतात आणि त्यांच्यामध्ये एक दातेरी तुकडा सरकतो. ज्या चाकाला चिकटेल तिकडे पंखा फिरतो. इंजिन जोर लावत असतं तेव्हा हे दात एकमेकांत इतके घट्ट दाबलेले असतात की केबलने ओढून सुटत नाहीत.

मग युक्ती काय, तर इंजिनाला क्षणभर गप्प करायचं. इंजिनाच्या अंगावर गिअरची एक पट्टी असते. तिच्यातल्या लिव्हरला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आहे आणि त्या खाचेत एका छोट्या स्विचची चकती बसलेली असते. केबलवर ताण आला की लिव्हर किंचित कलतो, चकती खाचेतून वर येते, ठिणगी तुटते. दातांवरचा जोर गेला की मधला तुकडा सुटतो, ताण उतरतो, चकती खाचेत परत बसते. फ्लायव्हीलच्या वेगावर इंजिन पुन्हा पेट घेतं. हे सगळं इतक्या चटकन होतं की चांगल्या बोटीत फक्त एक बारीकशी उचकी ऐकू येते. ज्याने हे सुचवलं त्याला माझा दंडवत.

केबल आतून जड झाली की इथेच घोटाळा होतो. आवरणाला चीर पडते, बेलोजमधून पाणी शिरतं, आतली तार घासू लागते, हिवाळ्यात तेच पाणी गोठतं. स्विच बिचारा प्रामाणिक; घर्षणाचा ताण आणि दातांचा ताण त्याला वेगळे कळत नाहीत. चकती वरच राहते, ठिणगी परत येत नाही आणि इंजिन मरतं. लोक कार्ब्युरेटर खोलतात, प्लग बदलतात, पेट्रोलला शिव्या देतात. काही शहाणे स्विचची वायरच काढून टाकतात आणि बोट बरी झाली म्हणून सांगत फिरतात. पुढे गिअरचे दात गोल होतात आणि केबलच्या कितीतरी पट खर्च येतो. या उपायाबद्दल मला अजिबात आदर नाही.

तपासणी हाताची आहे. इंजिन बंद, किल्ली खिशात. केबल खरं तर दोन तुकड्यांत असते: चालवणाऱ्याच्या लिव्हरकडून पट्टीपर्यंत येणारी वरची आणि पट्टीवरून ड्राइव्हकडे जाणारी खालची. पट्टीवरून वरची सोडवायची आणि खालची बोटांनी मागेपुढे करायची; एकाने पंखा हाताने सावकाश फिरवत राहायचं, म्हणजे दात अडत नाहीत. चांगली केबल दोन बोटांनी सरकते. कोपरापासून जोर लावावा लागला तर तिचे दिवस भरले. सुकाणू पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे वळवूनही पाहावं, कारण काही केबली सरळ असताना साळसूद वागतात आणि वळणावरच अडतात. वरची केबलही याच वेळी स्वतंत्रपणे बघावी. दोष कधीकधी तिचा असतो. ड्राइव्ह वळवून, वर उचलून बेलोजच्या घड्यांत टॉर्च मारावा. इथले जुने लोक मस्करॅटला दोष देतात. हा पाणउंदीर रबर कुरतडतो म्हणे. मला मात्र वयाच्या भेगाच जास्त दिसल्या आहेत.

बदलायची तर ड्राइव्ह उतरवावा लागतो. आधी पुढच्या गिअरमध्ये टाकायचा, मग सहा नट. हे एकट्याचं काम नाही. केबलचा नट सोडवायला लांब, चीर असलेला खास पाना लागतो. नवीन बसवताना आट्यांना सीलंट लावायचं, आतली तार कुठेही मुडपू द्यायची नाही. एवढं उघडलंच आहे तर सगळे बेलोज आणि फिरत्या दांड्याला आधार देणारं गिम्बल बेअरिंगही पाहून घ्यावं. मजुरी एकदाच पडते.

गिअर टाकताना मात्र हळुवारपणा नको. इंजिन मंद, आणि लिव्हर एका झटक्यात. लोण्यात सुरी फिरवावी तसा लिव्हर सरकवणारे दातांवर दात घासतात आणि स्वतःला जपून चालवणारे समजतात.

हे सगळं ऑक्टोबरात, बोटीवर ताडपत्री चढण्याआधी करून घ्या. मे महिन्यात या तळ्याकाठच्या एकाही मेकॅनिकला वेळ नसतो.