डावीकडची रत्नागिरी

मोटारसायकलवर मुलाचं वय त्याच्या जागेवरून कळायचं. पेट्रोलच्या टाकीवर बसलेलं मूल म्हणजे अजून शाळेत न गेलेलं. मुठी हँडलच्या दांडीवर, डोळ्यांत वारा, आणि हॉर्न दाबायचा हक्क त्याचा एकट्याचा. धाकटं भावंड आलं की टाकी सोडायची आणि मध्ये यायचं, म्हणजे वडिलांची पाठ आणि आईचं पोट यांच्या सांदीत. तिथून काहीच दिसत नाही, नुसत्या आईच्या बांगड्या वाजतात. मग कधीतरी आई आणि धाकटं घरी राहतात आणि वडील म्हणतात, "चल, बस मागे." रत्नागिरीत ऐंशीच्या दशकात वाढलेल्या आमच्या पिढीत कोणाची मुंज झाली, कोणाची नाही झाली; ही बढती मात्र बहुतेकांना मिळाली.

आज त्यातलं काहीच कायद्यात बसत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं केलं, आणि २०२२च्या नियमांनी त्याहून लहान मुलाला पट्ट्यानं चालकाशी बांधायला आणि वेग ताशी ४०च्या आत ठेवायला सांगितलं. बरोबरच आहे. हातखंब्याच्या वळणावरून नेहमी जाणाऱ्या कोणीही याविरुद्ध बोलू नये. आम्ही वाचलो याचं श्रेय आमच्या शहाणपणाला नाही, तेव्हाच्या रिकाम्या रस्त्यांना आहे.

आमची गाडी येझदी. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. चेकोस्लोव्हाकियाची जावा १९६१पासून तिथे बनू लागली आणि १९७३मध्ये तिचं नाव येझदी झालं. अडीचशे सीसी, दोन सायलेन्सर, आणि जी किक तोच गियर: गाडी चालू झाली की दांडी पुढे पाडायची आणि तिनंच गियर टाकायचे. टू-स्ट्रोक असल्यामुळे ऑइल पेट्रोलमध्येच. पंपावरचा माणूस मापानं ऑइल ओतायचा, अप्पा, म्हणजे माझे वडील, टाकीचं झाकण लावायचे आणि गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे, ते मिसळावं म्हणून. मी तोपर्यंत बाजूला उभा. मग निळसर धूर सोडत आम्ही मारुती मंदिराच्या सर्कलला वळसा घालून खाली उतरायचो. त्या धुराचा वास काहींना त्रासदायक वाटतो. मला तो कुठेही आला तरी पोटात भूक लागते, कारण त्या वासापाठोपाठ कोणाच्या तरी ओटीवर लाडू किंवा कोकमाचं सरबत ठरलेलं असायचं.

अप्पा पशुसंवर्धन खात्यात स्टॉकमन होते. गावात मात्र सगळे 'ढोरांचे डॉक्टर' म्हणत, आणि ते दुरुस्त करायच्या भानगडीत अप्पा पडत नसत. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याच्या लशी टोचायला वाडीवाडीवर जावं लागे. लस बर्फातल्या थर्मासात. थर्मास धरायला माणूस हवा, आणि मे महिन्यात माझ्या शाळेला सुट्टी. तेव्हा मला मागे बसवण्यात माया किती आणि थर्मास किती, हे कोडं आहे. विचारलं असतं तर अप्पांनी थर्मासच सांगितला असता.

बहुतेक वेळा आमचा रस्ता दक्षिणेचा. भाट्याच्या खाडीवरचा पूल, पुढे सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्र, फणसोप, कसोप, गोळप, पावस. कधी त्याही पुढे पूर्णगडाला, मुचकुंदीच्या मुखापर्यंत. अप्पांच्या खांद्यावरून तिरकी आलेली औषधांची पिशवी असायची आणि तिचं बक्कल पाठीच्या उजव्या अंगाला. त्याचा टोचरा चटका चुकवायला मी मान डावीकडे वळवून उजवा गाल त्यांच्या पाठीला लावायचो. खाकी सदरा, घाम, फिनाईल आणि मधूनच म्हशीच्या अंगाचा वास. इंजिनाचा आवाज कानातून न येता गालातून यायचा. अप्पा काही बोलले की तेही गालातूनच. शब्द वारा घेऊन जायचा, उरायची ती फक्त घरघर. मी दर वेळी "हो" म्हणायचो. एवढ्या वर्षांत मी अप्पांच्या कशाकशाला होकार देऊन बसलो आहे, याचा पत्ता नाही.

या एका बकलामुळे माझी रत्नागिरी कायमची ठरून गेली. पावसकडे जाताना डावी बाजू म्हणजे पूर्व. त्यामुळे जाताना मला दिसायची ती पुलावरून आत शिरत गेलेली काजळी नदी, चिऱ्याचे गडगे, गवतानं शाकारलेले गोठे, राब भाजून काळे पडलेले शेताचे तुकडे, आंब्याच्या बागेतली राखणदाराची खोपटी. परतताना मान तीच आणि गालही तोच, पण आता डावीकडे पश्चिम. अख्खा अरबी समुद्र परतीचा. जाताना तो माझ्या डोक्याच्या मागे नुसता वाजायचा. दुपार कलल्यावर थर्मास रिकामा, हँडलला रातांब्यांची पिशवी, आणि सडा संपून रस्ता खाली वळला की एकदम समोर पाणी. समोर म्हणजे माझ्या समोर. अप्पांच्या समोर रस्ता.

उतार लागला की अप्पा गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचवायला. हे करू नये असं गॅरेजवाले सांगत, तरी सगळे करत. एवढा वेळ चाललेला फटफटाट थांबला की कान रिकामे व्हायचे आणि मग एकेक करून बाकीचे आवाज आत यायचे: साखळीची किरकिर, खडीवरचे टायर, कुठल्याशा विहिरीवरचा रहाट, कावळे. थंडीही वेगवेगळी कळायची. पऱ्या आला की मोरीवर हवा अचानक गार, पुढच्या वळणाला कातळ तापलेला की पुन्हा भट्टी. काजूची पिकली बोंडं खाली पडून आंबलेली असायची तिथे डोळे मिटूनही नाव सांगता यावं. फेब्रुवारीत गेलो तर सुरंगीचा दरवळ एखाद्या घरामागून यायचा आणि तेवढ्यात मागे पडायचा. चालवणाऱ्याला हे सगळं मिळत असेल का, याबद्दल मला तेव्हाही शंका होती.

पावसात मात्र डावं-उजवं संपायचं. अप्पांच्या रेनकोटाचा मागचा घोळ माझ्या डोक्यावरून. आत अंधार, रबराचा वास, वर ताडताड पाऊस. दिसायचा तो फक्त पायांच्या मधला वीतभर रस्ता, तांबड्या पाण्याखालून मागे पळणारा. त्या वीतभर पट्टीवरून मी ठिकाणं ओळखायला शिकलो होतो. डांबर संपून नुसती खडी आली की अमुक वाडी, सिमेंटची फरशी आली की पऱ्या, आणि लोखंडी सांध्यांवर टायर दोनदा ठणकला की भाट्याचा पूल, म्हणजे आता दहा मिनिटांत घर. घरी पोहोचल्यावर आई आधी माझी पाठ बघायची. मानेपासून कमरेपर्यंत मागच्या चाकानं उडवलेल्या तांबड्या चिखलाची रेघ.

निवृत्तीनंतर अप्पांनी गाडी कमी केली, मग बंदच. तोपर्यंत मैसूरचा कारखानाही १९९६मध्ये बंद पडून गेला होता आणि क्लचप्लेटसाठी कोल्हापूरला माणूस पाठवावा लागे. मी माझी गाडी घेतल्यावर त्यांना म्हणालो, चला, पावसला स्वरूपानंदांच्या समाधीला जाऊन येऊ, बसा मागे. ते म्हणाले, "नको. मागून काही दिसत नाही." आणि खरोखरच एसटीनं गेले.

तेव्हा ते वाक्य मी हट्टीपणात जमा केलं. कळलं ते पुढे एकदा, त्यांच्या शेवटच्या आजारात. वेळ जावा म्हणून मी त्यांना जुनी घरं विचारत बसलो होतो. फणसोपच्या पुढे निळ्या दाराचं घर होतं ना, अंगणात दोन रायआवळे, ओटीवर कायम एक म्हातारी सुपात काही निवडत बसलेली, ते कोणाचं? अप्पा विचार करकरून थकले. असं घर त्यांना आठवेना. तिथे घर होतं यावरच त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, "तिथे रस्ता डावीकडे मोडतो. मोडल्या मोडल्या मोरी, आणि मोरीची फरशी उजव्या बाजूला उचललेली. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागायचं." मला ना मोड आठवत होता ना मोरी. मग आम्ही सगळाच रस्ता घेतला. ते खड्डे, चढ, मोड, गुरं आडवी येण्याच्या जागा सांगत होते. मी घरं, झाडं, विहिरी, देवळांचे कळस. एका सीटवर चिकटून बसून आम्ही दोन रस्त्यांनी गेलो होतो. त्या दुपारी पहिल्यांदा ते दोन्ही एकत्र लागले, साधारण गोळपपर्यंत. मग त्यांना झोप आली. पुढचं, गोळप ते पूर्णगड, माझ्याकडे अजून अर्धंच आहे.

दोघांनाही न दिसलेलं काही होतं, हे तर फारच उशिरा कळलं. त्याच सड्यांवर, रस्त्यापासून थोडं आत, कातळावर माणसानं हजारो वर्षांपूर्वी हत्ती, वाघ, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या मित्रांनी सडे पायी तुडवून ही कातळशिल्पं उजेडात आणली. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. पूर्णगडची खाडी ओलांडून पुढे गेलं की कशेळीच्या सड्यावर प्रचंड हत्ती आहे, पोटात कितीतरी प्राणी घेऊन. ती सगळी आडवी, जमिनीलगत. गाडीवरच्या माणसाला, पुढच्याला काय आणि मागच्याला काय, दिसणारच नाहीत. अप्पा त्या सड्यांवर गुरं टोचायला चालत गेलेले. त्यांनी एखाद्या शेपटीवर पाय दिलाही असेल.

आता मी आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं गणपतीपुळ्याला जातो. लोक तो बघायला लांबून येतात, आणि रस्ता देखणा आहेच. आमच्या वेळी आम्ही निवळी-जाकादेवीकडून वळसा घालून जायचो, समुद्र थेट देवळापाशीच भेटायचा. या नव्या वाटेला समुद्र जाताना डावीकडे येतो, आणि माझं शरीर दर वेळी घोटाळ्यात पडतं. निघून अर्धा तास झाला नाही तोच परतीला लागल्यासारखं वाटतं.

निवळीचा तो जुना रस्ता तर उरलाच नाही. हातखंब्यापासून महामार्ग सोलून काढला आहे. सतराचा सहासष्ट झाला, दोन पदरांचे चार व्हायला किती वर्षं लागली ते कोकणी माणसाला सांगायला नको. रुंदीकरणात रस्ता जात नाही, बाजू जातात. वड गेले, चहाच्या टपऱ्या गेल्या, गडगे गेले, चिऱ्याच्या दोन-चार पायऱ्या कुठेतरी हवेत लटकत राहिल्या, ज्यांच्या वरचं घर नाही. अप्पांना हा रस्ता आवडला असता. मोड काढून टाकले आहेत, सगळं सरळ, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायला नको. माझी बाजू सरकारनं नेली. अप्पांची अप्पांनी.

येझदी पडवीत आहे. २०२२मध्ये ते नाव नव्या फोर-स्ट्रोक गाड्यांवर परत आलं आणि जुन्या गाड्यांना अचानक गिऱ्हाईक फुटलं. गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एक तरुण आला, अंबा घाट उतरून, नुसती गाडी बघायला. बारकाईनं बघितली त्यानं. टाकीवरचा पोचा, बदललेली सीट, सायलेन्सरचा गंज. किक मारून तीच दांडी पुढे पाडताना त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी भाव सांगायचाच विसरलो. म्हणाला, चालवून बघू का? भाट्यापर्यंत? गाडी अनोळखी माणसाच्या हाती एकटी सोडू नये एवढा व्यवहार मला कळतो, म्हणून मागे बसलो.

चांगला चालवत होता. पुलावर सांधे आता तसे ठणकत नाहीत. सुरूच्या बनाशी त्यानं गाडी वळवली, आम्ही परत पुलावर आलो, आणि त्यानं मान न वळवता ओरडून सांगितलं, "काका, सरळ बसा की जरा! गाडी डावीकडं ओढतीया."

घरी उतरल्यावर त्यानं खाली वाकून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं. चेसिस बाकलेली असणार म्हणतो, आणि तेवढ्यासाठी पाच हजार कमी करा.