निमे पन्नास, दुप्पट शंभर

‘विश्वास पानिपतातच गेला’ म्हटलं की आपल्याकडे बोलणं संपतं. कोटी जुनी आहे, आणि ऑफिसात उधारीपासून बढतीपर्यंत कुठेही चालते. पण १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या लढाईत विश्वासराव पडले, ही बातमी त्यांचे वडील नानासाहेब पेशवे यांना आधी कळली, असं सांगतात, ती एका सावकाराच्या कासिदाकडे सापडलेल्या पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या आडभाषेत माणसांची हानी मोजलेली होती. फौजेची दाणादाण उडाली तरी सावकारी टपाल पळतच होतं. ते कशाच्या जोरावर, हे पाहायचं तर हुंडी वाचावी. इथे रक्कम भरायची, परमुलखातल्या पेढीवर कागद दाखवून उचलायची. नुसत्या शब्दावर चालणारा व्यवहार. आणि त्याचा कागद मात्र संशयाने गच्च भरलेला! शंभराची हुंडी असेल तर आकडा लिहायचाच, शिवाय निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर, असंही लिहायचं, म्हणजे कुणाला खाडाखोड करता येऊ नये. शहाजोग हुंडीचे पैसे कुणाही येरागबाळ्याच्या हातात पडत नसत, बाजारात पत असलेल्यालाच मिळत. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर तिसरी, म्हणजे परपेठ. यात कुणाला अपमान वाटत नसे. आज पावती मागितली की चेहरा पाडणारे सहकारी पाहिले, की वाटतं, पडताळणी विश्वासाच्या मुळावर येत नाही, उलट त्याला जगवते.

यावर कुणी म्हणेल, एवढं तपासूनच घ्यायचं तर त्याला विश्वास कशाला म्हणायचं? याला उत्तर आहे. निमे-दुप्पट लिहून कागद खरा ठरतो. समोरचा पेढीवाला पैसे मोजेलच, हे त्यातून ठरत नाही. तिथे पतच लागते. मला अडवतो तो दुसरा आक्षेप. ही पत होती कुणाची? पेढ्यापेढ्यांची, नात्यागोत्यातली. कुणब्याचा अंगठा घेताना कागद सावकाराच्याच हातात, हिशेबही त्याचाच. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली, ती याच रागातून. म्हणजे पडताळणी दोन्हीकडून व्हायला हवी, अशी दुरुस्ती करून मी मोकळा होऊ शकलो असतो.

पण मग भरतपूरचे राजे सूरजमल जाट आडवे येतात. पानिपतावर मराठी फौजेचे सेनापती असलेल्या सदाशिवराव भाऊसाहेबांशी त्यांचं बिनसलं, ते लढाईआधीच छावणी सोडून गेले. पुढे पानिपतातून वाचलेली उघडीवाघडी माणसं त्यांच्या मुलखात पोचली, तेव्हा त्यांना अन्नवस्त्र आणि आसरा सूरजमलांनीच दिला. ना हुंडी, ना पेठ, आणि परतफेडीची खात्री तर पराभूतांकडून कोण धरणार? यात राजकारण असेलही, लढाई जिंकलेल्या अहमदशाह अब्दालीच्या शेजारी राहणाऱ्याला उद्याचा हिशेब करावाच लागतो. तरी तो हिशेब मांडून पाहिला तर पूर्ण जुळत नाही, आणि पडताळणीचं माझं गणित त्यांच्यापाशी येऊन थांबतं.