गहाण पडलेले घर

वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसांचे पान वाचण्याची आम्हांस जुनी खोड आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांतील घरांच्या ताब्याच्या व लिलावाच्या नोटिसा तेथे बारीक अक्षरांत येतात. कर्जदाराचे नाव, जामीनदाराचे नाव, येणे रक्कम आणि शेवटी घराच्या चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचे घर, एवढ्यावरून जाणत्यास दार ओळखू येते.

अमेरिकेत २००८ च्या सुमारास गहाण घरे इतकी बुडाली की कित्येक वस्त्या ओस पडल्या. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तसे घडले नाही. पण त्याचे श्रेय सुबत्तेस देता येत नाही. गावठाणातील पुष्कळ घरांस बँक मानील असा मालकीचा कागदच नव्हता, आणि जे गहाण पडू शकत नाही ते लिलावात निघत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्यास आरंभ केला. ही सोय चांगलीच आहे. तथापि ज्या कागदावर कर्ज मिळते, त्याच कागदावर घर जातेही.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने शेतकऱ्याचे व मजुराचे राहते घर, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळली. परंतु आपण होऊन गहाण दिलेल्या घरास ते छत्र नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने शेतजमीन वगळली, घर मात्र वगळले नाही. कर्ज थकीत ठरले की ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता, बँकेस ताबा घेता येतो. म्हणजे शेत वाचते आणि छप्पर जाते, असाही प्रसंग येऊ शकतो.

पूर्वी सारे देणे फेडून विक्रीच्या दिवसापर्यंत घर सोडविता येई. २०१६ च्या दुरुस्तीने तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच बजावावा लागतो. आपण चहा घेता घेता ती नोटीस वाचतो, तेव्हा दार लागून गेलेले असते.

इंग्रजी कागद वाचून घेण्यास लोक आमच्याकडे येतात. एका गृहस्थांनी पहिली नोटीस देवघरात पोथीखाली ठेवली होती. पत्नीसही सांगितले नव्हते. ते आले तेव्हा लिलावाची तारीख ठरली होती. वास्तविक त्या ६० दिवसांत त्यांस लेखी हरकत घेता आली असती, आणि बँकेस १५ दिवसांत उत्तर द्यावे लागले असते. हप्त्यांविषयी बोलणे करण्यासही अवधी होता. आड आली ती लाज.

अशा घरास तळतळाट लागतो म्हणून भले लोक बोली लावीत नाहीत. ह्या कनवाळूपणाचा लाभ कोणास? घर स्वस्तात जाते आणि उरलेले देणे कर्जदाराच्याच माथी राहते. लिलावाच्या दिवशी पाळलेला शेजारधर्म उशिराचा होय. पोथीखालचा कागद ज्याच्यापुढे निःसंकोच ठेवता येईल, असा एक तरी शेजारी प्रत्येक आळीत असावा. आणि आपण चार बुके शिकलेल्यांनी तो होण्यास कचरू नये.