पायांना उमगलेला कातळ

पावसाळा सरून कातळ सुकला की सह्याद्रीचे सुळके साद घालू लागतात. जीवधनला खेटून उभी वानरलिंगी, खंडाळ्याची नागफणी, तैलबैलाच्या जुळ्या भिंती. थंडीतल्या सकाळी या काळ्या दगडावर तळवा टेकवावा, तर रात्रभर साठलेला गारवा मनगटातून कोपरापर्यंत चढत जातो. ऊन कलताना तोच दगड जित्या अंगासारखा ऊबदार लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे थरावर थर लाव्हा पसरला, थिजताना वायूचे बुडबुडे त्यात अडकले आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहिल्या. अशाच एका पोकळीत माझ्या मधल्या बोटाचं पेर जेमतेम बसतं.

तेवढ्यावर तोल टिकतो.

नवशिका हातांनी चढतो. भीती मुठीत उतरते, पकड आवळत जाते, आवळलेल्या स्नायूंत रक्त नीट खेळेनासं होतं आणि हात भरून येतात. खालून दोर सांभाळणारा दादा ओरडतो, “वर काय बघतोस? पाय बघ, पाय!” मग मान खाली वळते, दरीला बिचकणारे डोळे बोटभर कंगोरा हुडकतात, बुटाचं टोक अलगद त्यावर टेकतं, कंबर भिंतीजवळ सरकते, हात सरळ होऊन सैलावतात, अंगाचा सारा भार खांद्यांवरून ओघळत मांड्यांत, पोटऱ्यांत, तळव्यांत उतरतो आणि केव्हाचा कोंडलेला श्वास आपसूक सुटतो.

आता कातळच धरून ठेवतो.

भीती जात नाही, जाऊही नये. सह्याद्रीत दगड कुठे कधी निखळेल, सांगता येत नाही. पकड आधी ठोकून पाहावी, पोकळ आवाज आला की तिचा नाद सोडावा, हे शहाणपण भीतीनंच दिलेलं. पण न घडलेल्या पडण्याची, खालून रोखलेल्या नजरांची भीती मात्र एकेका उच्छ्वासाबरोबर सोडून द्यावी लागते. ती ओसरत गेली की सुळक्याची अख्खी उंची आटत आटत पुढच्या एका पावलापुरती उरते, आणि तिथे मन स्वस्थ उभं राहतं.

कातळावर जाणार असाल तर जाणत्याच्या दोरावर जा. मनगटातली ताकद पुढे कमावता येईल. आधी पायांवर भरवसा ठेवायला शिका.