डिकीतला पखवाज

आमचा भाचा सांगलीहून गाडी घेऊन साताऱ्याला आला, तो आईला आणि मला त्याच्या मुलीच्या बारशाला न्यायला. मी मोठ्या अधिकाराने बॅग उचलून डिकी उघडली. पाहतो तो आत एक काळी पेटी ऐसपैस बसलेली, आणि तिच्या पोटात जेवणाच्या ताटाएवढा काळा शंकू.

"मामा, तिथं बॅग नको हं! तो सबवूफर आहे. १२ इंची!"

इतक्या आदराने त्याने माझी ओळख कधी कुणाला करून दिली नव्हती. मी मुकाट्याने बॅग मांडीवर घेतली, बॅगेवर कंदी पेढ्यांचा खोका ठेवला, आणि निघालो.

आम्हां सातारा-सांगलीच्या माणसांना घुमणाऱ्या आवाजाचं काय कौतुक? मिरवणुकीत कपाटातल्या बश्या नाचवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला आम्ही 'डॉल्बी' म्हणतो. वास्तविक डॉल्बीसाहेबांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करायला! बिचाऱ्याचं नाव आम्ही कुठं नेऊन ठेवलं!

उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "शंकू कसला रे तो?"

"कागदाच्या लगद्याचा."

"कागदाला एवढे पैसे?"

त्याने वर्तमानपत्राचं पान एका कडेला धरलं. पान लोंबलं. मग त्याचीच शेंगदाण्याच्या पुडीसारखी पुडी वळली. ती ताठ उभी राहिली. "सपाट कागद वाकतो मामा, शंकू वाकत नाही. मागचं वेटोळं ढकलेल तसा सगळा एकदम हलतो. कडेचं रबर मऊ, म्हणून मोकळा हलतो. आणि शंकूचं वजन वाढवलं की सूर खाली येतो."

"मग पेटी कशाला?"

"शंकू पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं ओढतो. दोन्ही लाटा भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात."

हे मला लगेच पटलं. मी 'होय' म्हणायचं, त्याच क्षणी सौभाग्यवतीने 'नाही' म्हणायचं, आणि बेरीज शून्य. आमच्या घरात कित्येक वर्षं पेटीच नाही!

आम्ही हसलो. आईही हसली. पण ती हसली आमचे चेहरे बघून.

आई ८६ वर्षांची. डॉक्टर म्हणाले होते, वयाबरोबर आधी उंच सूर जातात. त्यांच्याबरोबर स, श, फ जातात. म्हणजे आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. कानाचं यंत्र कपाटात सुखरूप आहे. "काय म्हणालास?" असं ती आधी तीनतीनदा विचारायची. आम्ही "काही नाही गं" म्हणायला लागलो. मग तिने विचारणंच सोडलं. गुन्हा तसा लहान, पण रोजचा.

कऱ्हाड सुटलं, आणि भाच्याने आजीसाठी म्हणून एक अभंग लावला. माझ्या पाठीला सीटमधून गुदगुल्या व्हायला लागल्या. मी त्याला "कमी कर" म्हणणार, इतक्यात आईचा हात दिसला. मांडीवर तिची बोटं ठेका धरत होती. अगदी बरोबर, समेवर.

"पखवाज आहे," आई म्हणाली.

आमचे वडील भजनात पखवाज वाजवायचे. त्याच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक भिजवायची ती आई. तिच्याइतकी बेताची कणीक सबंध आळीत कुणाला जमत नसे.

तिने थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं. मग कपाळाला आठी घातली.

"डाव्या तोंडाला कणीक जास्त झालीय. थोडी काढ म्हणावं."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. वजन वाढलं की सूर खाली जातो, हे त्याला शिकायला डिकीभर पैसे पडले होते. आजीला मूठभर पिठात कळलं होतं! त्याने निमूटपणे एक बटण डावीकडे फिरवलं, आणि आरशातून भुवया उंचावून विचारलं, "आता?"

"आता बसली," आई म्हणाली. आणि वडिलांच्या भजनी मंडळाच्या गोष्टी सांगायला लागली. पेठ नाका गेला, आष्टा गेलं, तरी गोष्टी संपेनात.

सांगली येईपर्यंत मी मांडीवरच्या बॅगेबद्दल चकार शब्द काढला नाही.