माळाचा उतार

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी गोल्फचे मैदान बांधले, असे सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगितले, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहिले. त्यांचा दोष नव्हता. मी जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. गोल्फचे खरे मैदान एकदाच पाहिले, तेही पुण्यात, रस्त्याने जाताना कुंपणाच्या जाळीतून. शिवाय आमचा धाराशिव जिल्हा म्हणजे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा मुलूख. इथे हिरवळ आणायची कुठून? तरीही मैदान मी बांधले आहे. चांगले अठरा भोकांचे. फक्त ते जमिनीवर नाही, टीव्हीच्या पडद्यावर आहे.

त्याचे असे झाले. सुटीत नातू आला, तो खेळाचे यंत्र बरोबर घेऊनच. त्यात 'पीजीए टूर' नावाचा गोल्फचा खेळ होता. नुसते खेळणे तर त्यात आहेच. पण आपले मैदान आपणच आखण्याचीही सोय आहे. कोरी जमीन समोर येते. कळ दाबली की टेकडी उठते, दाबली की दरी पडते; झाडे लावावीत, गवत कापावे, वाळूचे खड्डे काढावेत आणि शेवटी भोक पाडून झेंडा रोवावा.

"आबा, तुम्ही जमिनी मोजायचात ना? मग हे तुम्हांला जमेल," नातू म्हणाला.

मी जमिनी मोजत नव्हतो, अडवत होतो. मृदसंधारणाच्या कामावर माझी तीस वर्षे गेली. डंपी लेव्हल लावायची, समपातळीची रेषा काढायची, तिच्यावर बांध घालायचा आणि पावसाला म्हणायचे, 'बाबा रे, जरा थांब.' परंतु नातवापुढे एवढा तपशील कोण सांगत बसणार? मी कामाला लागलो.

तीन दिवसांत माझे पहिले मैदान तयार झाले. त्यात आठ तळी होती. जन्मभर पाण्याच्या थेंबासाठी धडपडलेल्या माणसाला कळ दाबताच तळे मिळू लागले, तर तो आठावरच थांबला हेच नवल! भोवती नारळीची झाडे, मधून पन्नासदा कापल्यासारखी हिरवळ. नातवाने पाहिले आणि तो हळूच म्हणाला, "आबा, हे हॉटेलच्या बागेसारखे झाले. जुन्या पद्धतीचे करू या."

गोल्फलाही जुनी आणि नवी पद्धत असते हे मला तेव्हा कळले. मग मी वाचू लागलो. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे मैदान सर्वांत नावाजलेले. तिथे १७६४ मध्ये बावीस भोकांची अठरा केली, आणि पुढे सगळ्या जगाने तोच आकडा उचलला. मौज अशी, की ते मैदान मुळात कुणी बांधलेच नव्हते. समुद्रकाठची रेताड, पिकाला निरुपयोगी जमीन. तिच्यावर मेंढ्या चरायच्या. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे अंग घुसळून बसत, तिथे खळगे पडले. तेच पुढे वाळूचे खड्डे झाले, असे सांगतात. गावची सामाईक जमीन, गावाचा खेळ.

पुढे ॲलिस्टर मॅकेंझी नावाचा एक डॉक्टर झाला. बोअर युद्धात तो शल्यवैद्य होता. बोअरांचे खंदक जमिनीत असे मिसळून जात, की समोर असूनही दिसत नसत. हे त्याने तिथे पाहिले. मग डॉक्टरकी सोडून तो मैदाने आखू लागला आणि १९२० मध्ये त्याने त्या विद्येवर पुस्तक लिहिले. अमेरिकेतले ऑगस्टाचे प्रसिद्ध मैदान त्याने बॉबी जोन्सबरोबर आखले. माणसाने केलेला चढउतार निसर्गाचाच वाटला पाहिजे, हा त्याचा आग्रह. आणि दुसरा असा, की बळकट खेळाडूला अडथळ्यावरून उडी मारता यावी, पण दुबळ्यालाही वळसा घालून जायला वाट हवी. म्हणजे तरण्याने बांधावरून जावे, म्हाताऱ्याने बांधाच्या टोकाने! हा डॉक्टर मला आमच्या खात्यातलाच वाटू लागला.

आणि एकदम ध्यानात आले, की नापीक माळ, चरणारी जनावरे, भणाणता वारा, वाळके गवत ही सारी सामग्री मला तोंडपाठ आहे. हा तर आमचा माळ!

बालाघाटच्या कडेला आमचा चौदा एकरांचा माळ होता. मुरमाड, उथळ, कुसळी गवताचा. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, दुष्काळी कामावर पाट्या उचलून त्या माळावर ताली घातल्या. पुढे तिथे हुलगा आणि मटकी होऊ लागली. २०११ मध्ये तो माळ आम्ही विकला. 'आम्ही' म्हणतो, पण हट्ट माझा होता. मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे होते. दादाने सही केली आणि त्या विषयावर पुन्हा चकार शब्द काढला नाही. घेणाऱ्याने महिन्याभरात यंत्र लावून सगळे सपाट केले. आता तिथे सौरपट्ट्यांच्या रांगा आहेत. लोकांना तीस वर्षे उतार सांभाळायला सांगणारा मी, आमचा उतार गेला तेव्हा पाहायलासुद्धा गेलो नाही.

तो मी आता पडद्यावर बांधू लागलो. तळी पुसली. नारळी उपटल्या. गवताला चैत्रातला रंग दिला. मुरमाच्या खाणीचा झाला वाळूचा खड्डा, तालींचे झाले अडथळे. अठरा भोकांना शंभर-दीडशे एकर तरी लागतात. आमच्या चौदा एकरांत तीनच बसली. उरलेली मी गायरानात नेली. बोरीचे झाड खेळात मिळेना, तेव्हा त्यातल्या त्यात काटेरी दिसणारे एक लावले आणि त्याच्या बुडाशी सातवे भोक पाडले.

डोळे तपासायला म्हणून दादा तेव्हाच गावाहून आला होता. खुर्ची पुढे ओढून तो बसला. नातवाने सातव्या भोकाकडे चेंडू मारला. तो तालीपलीकडे पडला, घरंगळला आणि डावीकडे जाऊन थांबला.

"चुकलं," दादा म्हणाला.

"काय चुकलं, मोठे आबा?"

"तितं पानी डाव्या अंगाला जात न्हाई. उजव्या अंगानं बोरीच्या बुडाला जातंय."

त्याने माळ ओळखला होता. आणि मी, वेडा, वाद घालू लागलो. "दादा, तिथे मी स्वतः लेव्हल लावली होती."

"तू लेव्हल लावलीस. म्या पाटी उचललीया."

मी मुकाट्याने डावी बाजू वीतभर उचलली. नातवाने पुन्हा चेंडू मारला. तो तालीवरून उतरला, जरा घुटमळला, उजवीकडे वळला आणि बोरीच्या बुडाशी जाऊन थांबला. तिघांपैकी कुणीच काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने दादाने विचारले,

"ह्ये इकता येतं का रं?"

"नाही, मोठे आबा. ह्याला नाव देऊन सोडून द्यायचं. मग जगातून कुणीही येऊन खेळतं."

"गायरानावानी?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. नाव त्यानेच सांगितले: 'बोरीचा माळ'.

परवा नातवाचा फोन आला. कुणी परदेशी माणूस आमच्या माळावर खेळून गेला आणि मैदान आवडल्याचे लिहून गेला. तक्रार एकच होती: सातव्या भोकापाशी कितीही नेम धरा, चेंडू उजवीकडे जातो.

मी लगेच दादाला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले.

"जानारच की," तो म्हणाला.